हातांना सापडलेले काम : लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर

बेळगावच्या जुन्या बाजारपेठेत किर्लोस्कर रोड नावाचा एक रस्ता आहे. रामदेव गल्ली, मारुती गल्लीच्या परिसरात खरेदीसाठी आलेली माणसे हे नाव दिवसातून अनेकदा उच्चारतात. परंतु हे किर्लोस्कर कोणते, नाटकवाले की कारखानदार, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दोघेही याच जिल्ह्याचे. किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातील किर्लोस गावचे. पुढे घाट चढून ते बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे स्थायिक झाले. ‘संगीत शाकुंतल’कार अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली याच गावी जन्मले. बेळगावात शिक्षकी आणि पुढे सरकारी कचेरीतील चाकरी करीत असतानाही त्यांचे मन रंगभूमीवरच गुंतलेले होते आणि १८८० साली त्यांनी मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. त्यांच्या जन्मानंतर सव्वीस वर्षांनी, २० जून १८६९ रोजी, त्याच गावात व त्याच घराण्यात लक्ष्मणरावांचा जन्म झाला. अण्णासाहेबांप्रमाणेच त्यांनाही आपले काम पहिल्या नोकरीत सापडले नाही, दुसऱ्या प्रयत्नातही सापडले नाही. मात्र ते सापडेपर्यंत शोध सोडायचा नाही हा गुण दोघांतही सारखाच होता.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. घरातील वातावरण पोथ्यापुराणांचे आणि धाकट्या मुलाचे लक्ष मात्र पुस्तकात कधीच नव्हते. शाळेत त्यांची गणना हुशार विद्यार्थ्यांत झाली नाही. त्यांना दोनच गोष्टींचे वेड होते. एक चित्रे काढण्याचे आणि दुसरे यंत्राची कोणतीही वस्तू हाती लागली की ती उकलून पाहण्याचे. त्या काळच्या पांढरपेशा घरात या दोहोंनाही उपजीविकेचे साधन मानले जात नसे. शिकलेल्या मुलाने कारकून व्हावे, मास्तर व्हावे, फार झाले तर वकील व्हावे. हाताने काम करणे हे सुताराचे, लोहाराचे काम, अशी समजूत होती. त्यामुळे मुंबईस जाऊन चित्रकला शिकण्याचा लक्ष्मणरावांचा बेत वडिलांना रुचला नाही. अशा वेळी वडील बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले व त्यांनी खर्चाचा भार उचलला. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रामूअण्णांचा हा हात पुढे आयुष्यभर त्यांच्या पाठीवर राहिला आणि किर्लोस्कर बंधू या नावातील ‘बंधू’ हा शब्द केवळ व्यापारी पाटीपुरता कधीच नव्हता.

कलाशाळेत दोन वर्षे गेली आणि एक विलक्षण अडचण उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधील भेद दिसत नव्हता. रेषा उत्तम, प्रमाणाची जाण उत्तम, पण रंगांच्या बाबतीत डोळेच साथ देईनात. ज्या कामासाठी घरच्यांचा रोष पत्करून घराबाहेर पडावे, तेच काम निसर्गाने हातून काढून घ्यावे, ही गोष्ट अठरा वर्षांच्या तरुणास खचवून टाकण्यास पुरेशी होती. गावी परतून वडिलांपुढे मान खाली घालणे हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग होता. लक्ष्मणरावांनी तो घेतला नाही. रंग नसले तरी रेषा होती. आणि यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाही. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास सुरू ठेवला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ही संस्था नुकतीच, १८८७ साली, सुरू झाली होती.

शिक्षकाच्या या नोकरीस किर्लोस्करांच्या चरित्रकथेत नेहमी उपऱ्यासारखे वागविले जाते. पुढच्या कारखान्याकडे जाण्याची घाई त्याला कारण असावी. वस्तुतः लक्ष्मणरावांचे खरे शिक्षण या नोकरीतच झाले. वर्गातील शिकवणी संपली की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात. वाफेचे इंजिन, लेथ, ओतकामाची भट्टी या साऱ्यांशी त्यांचा परिचय तेथे झाला. पदवी नसलेला हा शिक्षक स्वतःच्या हातांनी यंत्र खोलून पुन्हा जुळवू शकत असे. यंत्रविद्येवरील अमेरिकन नियतकालिके ते मागवीत आणि शब्दकोश हाताशी घेऊन समजेल तेवढे इंग्रजी उमजून घेत. आकृत्यांची भाषा तर त्यांना येतच होती. एखाद्या वाचनालयात बसून मनुष्य कोणती विद्या संपादन करू शकतो याचे हे उदाहरण वाचनालयाच्या सभासदांनी ध्यानी घेण्याजोगे आहे. पुढे काढलेल्या कारखान्याचे बरेचसे ज्ञान टपालाने आलेल्या मासिकांतून मिळालेले होते.

याच काळात मुंबईत लक्ष्मणरावांनी दुचाकीवर स्वार झालेला माणूस प्रथम पाहिला. तेव्हा सायकल ही साहेबांची व श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणरावांनी ती चालविण्यास शिकून घेतली, तिची रचना समजून घेतली आणि मग मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावास पाठविण्यास आरंभ केला. बेळगावात रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकास शिकवीतही. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात, आणि शिकवण्याची फी पंधरा रुपये. लष्करी छावणीमुळे बेळगावात गोरे अधिकारी पुष्कळ होते. १८८८ हे वर्ष किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ म्हणून मानले जाते ते या सायकलीच्या दुकानामुळे. एका भावाची मुंबईत मास्तरकी आणि दुसऱ्या भावाचे बेळगावात दुकान, असा हा संसार काही वर्षे चालला.

मग संस्थेत बढतीची वेळ आली. जागा रिकामी झाली, लक्ष्मणरावांचा हक्क होता, कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. अशा गोष्टी त्या काळी रोज घडत. बहुतेक माणसे दोन दिवस चरफडत आणि तिसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करीत. घरी बायकामुले असलेल्या माणसास दुसरे काही सुचत नाही आणि त्यासाठी त्यास बोल लावण्याचेही कारण नाही. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. यापुढे दुसऱ्याची चाकरी करावयाची नाही असे ठरवून एकोणिसावे शतक संपता संपता ते बेळगावास आले. कारखानदार होण्याची आकांक्षा बाळगून त्यांनी नोकरी सोडली, असे चित्र नंतरच्या गौरवग्रंथांतून उभे राहते. त्यात फारसे तथ्य दिसत नाही. अपमान झाला म्हणून नोकरी सुटली, आणि हातात काय येते हे माहीत होते म्हणून धीर सुटला नाही, एवढेच म्हणणे अधिक योग्य ठरेल.

बेळगावात सायकलींची दुरुस्ती होती, पवनचक्क्यांची एजन्सी होती, शेतीच्या यंत्रांची एजन्सीही होती. विलायती व अमेरिकन माल आणावयाचा, विकावयाचा आणि बिघडला तर दुरुस्त करावयाचा. या दुरुस्तीतूनच लक्ष्मणरावांना उमगले की, जी वस्तू आपण खोलून जुळवू शकतो ती आपण बनवूही शकतो. पहिले यंत्र निवडले ते कडबा कापण्याचे. दांडग्या चाकाला पाती बसविलेली, हाताने फिरविण्याजोगी ही साधी रचना. तिच्यामुळे जनावरांपुढे टाकलेला कडबा वाया जाणे थांबे. चाऱ्याची बचत डोळ्यांना दिसत असल्याने शेतकऱ्याला तिचा उपयोग समजावून सांगावा लागला नाही.

नांगराची गोष्ट वेगळी होती. बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात पश्चिमेस तांबडी जमीन आणि पूर्वेकडे काळी. काळ्या रानात हरळी व कुंदा यांची मुळे खोल गेलेली असतात. लाकडी नांगर जमिनीत तास पाडतो, पण माती उलटी करीत नाही. मुळे जागच्या जागी राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा डोके वर काढतात. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो व त्यामागचा वाकडा पत्रा माती पालथी घालतो. उन्हात पडलेली मुळे वाळून जातात. विलायतेहून असे नांगर येत असत, परंतु ते महाग, आणि फाळ झिजला तर नवा मिळण्यास महिनोन् महिने लागत. लक्ष्मणरावांनी येथल्या बैलांना झेपेल, येथल्या मातीस मानवेल आणि ज्याचा झिजलेला भाग शेतकऱ्याला सहज बदलता येईल असा नांगर तयार केला.

तो कोणी घेईना. लोखंडाचा स्पर्श झाला की जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज त्या समजुतीला हसणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षभराचे पोट एका पिकावर अवलंबून आहे, त्याने शेजाऱ्याच्या रानात दोन हंगाम पाहिल्याखेरीज नवी वस्तू आपल्या जमिनीत घालू नये, यात त्याचा मूर्खपणा नव्हे तर अनुभव बोलत होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण म्हणावी लागतील. नोकरी सोडलेली, भांडवल अडकलेले, तयार माल पडून राहिलेला. प्रत्यक्ष रानात नांगर चालवून दाखविणे हा एकच उपाय त्यांच्यापाशी होता आणि तोच त्यांनी चिकाटीने अवलंबिला. भाषणाने न पटलेली गोष्ट उलटलेल्या ढेकळांनी पटविली. एकदा मागणी सुरू झाल्यावर मात्र किर्लोस्करांचा नांगर कृष्णा, पंचगंगा, घटप्रभेच्या खोऱ्यांत घरोघर पोहोचला आणि मराठी व कानडी शेतकऱ्यांना त्याचे नाव सारखेच ओळखीचे झाले.

कारखाना मार्गी लागतो आहे असे वाटत असतानाच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडण्याचा हुकूम दिला. शहराच्या वाढीसाठी नवी वस्ती वसवावयाची होती व कारखान्याची जागा त्या योजनेत येत होती. नगरपालिकेच्या दृष्टीने पाहिले तर ही कारवाई गैर म्हणता येणार नाही. वाढत्या शहराला मोकळी जमीन हवीच असते. तरीही ज्या उद्योगामुळे पुढे महाराष्ट्राच्या नकाशावर एक नवे गाव उमटले, त्या उद्योगाला बेळगावाने स्वतःच निरोप दिला, ही रुखरुख या शहराच्या जाणत्या नागरिकांना पिढ्यान् पिढ्या लागून राहिली आहे. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा चाळिशीचे. चित्रकला गेली, मास्तरकी गेली, आणि आता वीस वर्षे जमविलेले बस्तानही उठले.

त्या सुमारास औंध संस्थानात एका सभामंडपाच्या बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कलेचे आणि व्यायामाचे भोक्ते. रेषेचा माणूस रेषेच्या माणसाला ओळखतो. बेळगावची हकीकत कानी पडताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली व कर्जाऊ रक्कमही दिली. रेल्वेच्या कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांनी निवडली. तेथे निवडुंग माजलेला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. १० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. बेळगावाहून यंत्रे आली, त्यांच्याबरोबर कामगार आले, त्यांची बायकामुलेही आली. घरे होईपर्यंत मिळेल त्या आडोशाला संसार थाटले गेले.

किर्लोस्करवाडीचा इतिहास पुष्कळदा उत्पादनाच्या आकड्यांनी सांगितला जातो. त्याहून अधिक सांगण्याजोगी गोष्ट तेथल्या माणसांची आहे. स्वतः दोन-तीन ठिकाणी न जमलेल्या माणसाने इतरांना निवडताना त्यांची प्रशस्तिपत्रे पाहिली नाहीत. शंभोराव जांभेकर यांच्याकडे यंत्रांची बाजू आली. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि साऱ्या हिशेबाचा कणा झाले. अनंतराव फळणीकर हे शिक्षणात अपयशी ठरलेले विद्यार्थी. वाडीत आल्यावर त्यांच्या कल्पकतेला वाट मिळाली आणि ते अभियंता म्हणून नावारूपास आले. के. के. कुलकर्णी यांच्याबद्दल घरच्यांनी आशा सोडली होती म्हणतात; लक्ष्मणरावांनी त्यांच्या भटक्या वृत्तीत दोष न पाहता गुण पाहिला आणि कारखान्याची बाहेरची सारी कामे त्यांच्यावर सोपविली. ते गावोगाव फिरत, कचेऱ्यांतून माणसे गाठत आणि अडलेली कामे करून आणीत. रामूअण्णांकडे गावाची आखणी व व्यवस्था होती. रस्ते, घरे, पाणी, झाडे यांत त्यांचा जीव रमला. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा दंडक होता, आणि तो १९१० नंतरच्या त्या दशकात, ग्रामीण भागात, घालून दिलेला होता हे विसरता येत नाही.

याहून धाडसाची गोष्ट पहारेकऱ्यांची. आसपासच्या मुलुखात दरोडेखोरांचे भय होते. लक्ष्मणरावांनी दरोड्याच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगलेल्या माणसांनाच रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांना गावे दारात उभी करीत नव्हती त्यांच्या हाती वाडीच्या किल्ल्या आल्या. भल्याभल्यांना हा वेडेपणा वाटला असेल. पण त्या माणसांनी विश्वास राखला. जाग्रण, अंधाराची ओळख, पावलांचा कानोसा हे त्यांचे सारे जुने कसब नव्या कामी आले. माणसाचा स्वभाव मोडून त्यास कामाच्या चौकटीत बसविण्यापेक्षा स्वभावाला साजेसे काम शोधावे, ही लक्ष्मणरावांची रीत येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते. अर्थात प्रत्येक निवड अशीच फळास आली असेल असे मानण्याचे कारण नाही. भट्टीतून निघालेला प्रत्येक साचाही धड निघत नाही.

पहिल्या महायुद्धात बीड, कोळसा व रंग यांची टंचाई निर्माण झाली आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूर दरबाराकडून जुन्या निकामी तोफा मिळवून त्या भट्टीत घातल्या गेल्या व त्यांचे नांगर झाले. १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी मालिका सुरू झाली. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकून १९२६ साली परतले. ज्या विद्येचे तुकडे पित्याने मासिकांतून वेचले होते ती पुत्राला विद्यापीठात बसून मिळाली.

वाचनालयांशी जोडलेला धागा येथेच निघतो. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, वासुदेवरावांचे चिरंजीव, हे चित्रकलेचे शिक्षण घेऊन वाडीत आले व जाहिरातीचे काम पाहू लागले. त्यांनी १९२० साली कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढले. नांगर कसा वापरावा हे सांगता सांगता त्या पत्रकात लेख आले, गोष्टी आल्या आणि त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ यांची भर पडली. बेळगाव-निपाणीकडील वाचनालयांत या तीन मासिकांच्या अंकांसाठी वाचकांच्या पाळ्या लागत. काकांना रंगांनी दगा दिला होता. मुखपृष्ठांवरच्या रंगांतून पुतण्याने चित्रकला त्याच माळावर पुन्हा आणली.

वाढत्या वयातही लक्ष्मणराव नव्या कामांत गुंतलेले राहिले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे बनविणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. कानडी मुलुखात वाढलेल्या लक्ष्मणरावांना तो प्रदेश परका नव्हता. १९४६ साली पुण्यास तेलाची इंजिने व बंगलोरास विजेची मोटर बनविणारे उद्योग उभे राहिले. त्यांची धुरा पुढच्या पिढीने वाहिली.

फेब्रुवारी १९४८ मध्ये, महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्यास आग लावण्यात आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांना पुन्हा एकदा आपले काम हातातून जाताना पाहावे लागले. या वेळी मात्र ते एकटे नव्हते. वाडी राखेतून उठविणारे हात अडतीस वर्षांत तेथेच तयार झालेले होते, आणि कारखाना पुन्हा सुरू झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यपुनर्रचना अमलात आली. त्यांचे जन्मगाव गुर्लहोसूर आणि पहिल्या कारखान्याचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तर किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट प्रसिद्ध केले. कुंडल रोड स्टेशनाच्या पाटीवर त्याच्या कितीतरी आधीपासून किर्लोस्करवाडी हे नाव लागलेले होते.